सातवं मौन

१

एडिटिंग म्हणजे निम्मी झाडलोट असते. लोकांना वाटतं, केवढी मोठी कला! प्रत्यक्षात माणूस सकाळी दहाला खुर्चीत बसतो आणि एकेका शॉटचं डोकं नि शेपूट उडवत राहतो. डोक्याला क्लॅपच्या पाटीचा ठोका, शेपटाला दिग्दर्शकाचं 'कट'. मधे जे उरतं त्याला सिनेमा म्हणायचं. आमच्या या पोराचा त्यात हात बसलेला, म्हणून अख्खं कॉलेज त्याला 'कात्री' म्हणायचं, आणि खोटं कशाला बोलू, त्याला ते आवडायचंही.

फिल्म तिघांची होती. शेवटच्या वर्षाचा गटाने करायचा प्रकल्प, नऊ मिनिटांची, नाव 'खुर्ची'. एक म्हातारा आपली खुर्ची डोक्यावर घेऊन पाच मजले चढतो, प्रत्येक मजल्यावर कुणीतरी त्याला चार शब्द ऐकवतं, आणि शेवटी गच्चीवर जाऊन तो बसतो. एवढीच गोष्ट. म्हातारा म्हणजे कात्रीचा मामा, कारण नट शोधायला वेळ नव्हता आणि मामा घरातच होता. दिग्दर्शन आणि कॅमेरा 'साहेब'कडे. साहेबही वर्गातलाच, पण पहिल्या दिवसापासून हुकूम सोडत हिंडायचा म्हणून साहेब. आणि आवाजाचं काम कानसकडे.

कानस ही मुलगी. कान तिखट आणि जीभ अशी खरखरीत की लोखंड घासून निघावं, म्हणून कानस. एकदा वर्गातल्या एका शहाण्याने तिच्या चालू टेकमध्ये मुद्दाम शिंक काढली. ती तेव्हा काहीच बोलली नाही. चार महिन्यांनी तो शहाणा समारंभात भाषण ठोकत असताना स्पीकरवरून त्याचंच घोरणं वाजायला लागलं, तासाला झोपला असताना टिपलेलं, चांगलं दीड मिनिट. लोक हसून लोळले. कानस एवढंच म्हणाली, "फिटलं." अशी होती ती. विसरणं तिच्या रक्तातच नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी, मामा घरी गेल्यावर, रिकाम्या खुर्चीच्या शेवटच्या शॉटच्या वेळी, कानस गच्चीवरून पडली आणि जागच्या जागी गेली.

कॉलेजने चौकशी केली. साहेब आणि कात्री दोघांनी एकच सांगितलं: गच्चीचा कठडा दुरुस्तीला काढलाय हे सगळ्यांना माहीत होतं, तिला कुणी मागे जा म्हटलं नव्हतं, ती आपल्या आपण मागे गेली. पुरावा म्हणून शेवटच्या टेकचा आवाज समितीला ऐकवला. त्यात खरोखरच कुणी काही म्हणत नव्हतं. म्हटलेलं होतं ते अकरा सेकंद कात्रीने काढून टाकले होते आणि त्या जागी 'मौन' लावलं होतं.

हे मौन म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. आवाज नुसता कापला तर तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. कापडाला त्याच कापडाचं ठिगळ लागतं. म्हणून शूटिंग उरकलं की आवाजवाला त्या जागेची रिकामी शांतता दोन मिनिटं टिपून ठेवतो. तेवढा वेळ सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, श्वाससुद्धा जपून, कानस 'झालं' म्हणेपर्यंत. पहिल्याच दिवशी साहेब कुजबुजला होता, "कोण गेलं म्हणून उभे आहोत?" तेव्हापासून त्याला मौन हेच नाव पडलं. मौन एक, मौन दोन. गच्चीवरचं ते मौन सात. कात्रीला ते रेकॉर्डरच्या कार्डावर सापडलं आणि गच्चीच्या आवाजाशी असं बेमालूम बसलं की चौकशी समितीच काय, खुद्द कानसलाही सांधा सापडला नसता.

आता फिल्म जमा करायला चार दिवस उरले होते. सकाळची वेळ, कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरची एडिटची खोली: खिडकी नाही, भिंतींना काळा स्पंज, दोन पडदे, आणि एक चाक मोडलेली खुर्ची जी जरा हललं की कुईं करायची. कात्री आवाजाच्या फाइली ओळीने लावत होता. मौन सातवर त्याची नजर थबकली. लांबी दोन मिनिटं एकतीस सेकंद.

त्याला पक्कं आठवत होतं, ठिगळ लावताना ती दोन मिनिटं चार सेकंद होती. चार हा आकडा लक्षात राहिला होता, कारण कानस दोन मिनिटांवर एक सेकंदही जाऊ देत नसे. मग म्हणाला, जाऊ दे, डोळ्यांवर ताण आहे, आपणच चुकीचं वाचलं असेल. आणि चहा प्यायला खाली गेला.

२

दुपारी कानसची आई आली. एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनवर बसणारी बाई, दिवसभर फोन जोडून देणारी. कोण खरा घाबरलाय आणि कोण थापा मारतोय हे पहिल्या 'हॅलो'त ओळखायची, असं कानस सांगायची. दारात उभी राहून तिने खोलीभर नजर फिरवली.

"तूच का रे कात्री? घरी ती हेच नाव घ्यायची. खरं नाव मला माहीतच नाही बघ."

"बसा ना काकू."

ती बसली नाही. पिशवीतून तिने एक निळी वही काढली. कानसची नोंदवही. "हे तिच्या सामानात मिळालं. मला एक सांग, हे मौन काय प्रकरण आहे? मौन एक, जिना. मौन दोन, पहिला मजला. माझी मुलगी जन्मापासून पाच मिनिटं गप्प बसलेली मला आठवत नाही, ही मौन कधी धरायला लागली?"

कात्रीला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. त्याने तिला समजावून सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. सांगता सांगता तो पानं उलटत होता. मौन पाच, चौथा मजला. मौन सहा, पाचव्या मजल्याचा जिना. त्यापुढे कोरं पान. खाली तारीख घालून तिने ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'गच्चीचं मौन घ्यायचं राहिलंय. शॉट झाल्यावर.'

"सात नाहीये," तो म्हणाला.

"काय सात?"

"काही नाही काकू."

तो मनातल्या मनात हिशेब जुळवायला लागला. रेकॉर्डर त्या वेळी त्याच्याच पायाशी होता, कानसच्या हातात फक्त माइकची काठी. ती पडली तेव्हा वायर सुटली. यंत्र तसंच चालू राहिलं असणार, त्याच्या पोटातल्या माइकवर. म्हणजे तेच मौन सात. बरोबर. पण यंत्र बंद कुणी केलं? त्याने केलं नव्हतं. साहेब तर केव्हाच खाली धावला होता. आणि फाइलीला 'मौन ७' असं नाव कुणी दिलं? ते हाताने द्यावं लागतं.

"मला तिचा शेवटचा आवाज ऐकव," आई म्हणाली.

नाही कसं म्हणणार? त्याने समितीला दिलेलाच आवाज लावला. साहेबाचं "साउंड?" आणि कानसचं खणखणीत "चालू आहे!" मग वारा. कुठेतरी पाइपावर तार आपटत होती, टक्, टक्-टक्. मग काही नाही. मग फाइल संपली.

आईने मान एका बाजूला कलती करून ऐकलं, फोन कानाला धरल्यासारखी. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "ही मधली शांतता केवढी आहे?"

"अकरा सेकंद." जीभ चावावी इतक्या चटकन तो बोलून गेला.

"अकरा सेकंद. शॉट लागतोय, वारा सुटलाय, आणि माझी मुलगी अकरा सेकंद गप्प? झोपेत बडबडायची रे ती." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "कॉलेजच्या कागदावर लिहिलंय, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. मला कुणाकडून काही नको. तेवढे दोन शब्द खोडून हवेत. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, ती अशी बावळटासारखी मेली म्हणून लिहून ठेवलंय त्यांनी. तू तिथे होतास. कुणी काही म्हटलं होतं का तिला?"

"मला नाही माहीत, काकू."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

तिने वही पिशवीत टाकली, चेन लावली. "फिल्म दाखवाल त्या दिवशी येईन मी. तिचं नाव असेल ना शेवटी?"

"असेल, काकू."

ती गेल्यावर त्याने पडद्याकडे पाहिलं. मौन सात: एकोणीस मिनिटं आठ सेकंद.

३

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं. कात्रीने आधी उठून दार आतून लावलं, मगच हेडफोन कानाला लावले.

पहिली दोन मिनिटं गच्चीची. वारा, खाली कुठेतरी गाडीचा हॉर्न, पाइपावरची तार. दोन मिनिटं चार सेकंदांवर वारा एकदम थांबला. त्याच्या जागी एसीची बारीक घरघर. मग कुईं. त्याच्याच खुर्चीचं चाक.

तो जागचा हलला नाही. एक तर कुठलातरी माइक चालू राहिलाय, किंवा आपलं डोकं चालू राहिलं नाही. माइक शोधायला तो गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. खोलीत माइक नव्हता, कधीच नव्हता. ही खोली ऐकण्यासाठी होती, टिपण्यासाठी नव्हती. हेडफोन अजून कानावर होते. त्यात आता दार उघडल्याचा आवाज आला आणि कानसची आई म्हणाली, "तूच का रे कात्री?"

सगळं होतं त्यात. मौन एक, जिना. झोपेत बडबडायची रे ती. माहीत नाही, की सांगायचं नाही. कानाला सवय होती, म्हणून त्याला नको ते कळलं: आवाज कुठून टिपलाय ते. दाराच्या मागच्या कोपऱ्यातून. जमिनीपासून साधारण खांद्याच्या उंचीवरून. आणि टिपणाऱ्याच्या अगदी जवळून, जपून घेतलेला, अर्धवट दाबलेला श्वास.

मौन संपायला कुणीतरी 'झालं' म्हणावं लागतं. याला कुणी म्हटलंच नव्हतं.

त्याने साहेबाला फोन केला. साहेब वीस मिनिटांत आला, नेहमीच्या ऐटीत, टोपी उलटी.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," सगळं ऐकून तो म्हणाला. "यंत्राचा बिघाड आहे, दुसरं काय? उडव ना ती फाइल."

"एकदा ऐक तरी."

"आण इकडे." साहेबाने हेडफोन लावले आणि खुर्चीत रेलला. पहिल्या मिनिटाला तो पायाने ठेका धरत होता. दुसऱ्या मिनिटाला पाय थांबला. मग त्याने हळूहळू, पायांनी रेटत, खुर्ची मागे नेली, पाठ भिंतीच्या स्पंजाला टेकेपर्यंत. तिथे पोचल्यावरही टाचा रेटतच राहिल्या. चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला होता.

"काय ऐकलंस?" कात्रीने विचारलं.

"काही नाही."

"आईचं बोलणं?"

"कसली आई? काही नाहीये म्हटलं ना!" त्याने हेडफोन टेबलावर फेकले. "आणि तू ते मूळचं ठेवलं नाहीस ना? ते अकरा सेकंद?"

"नाही," कात्री म्हणाला. मूळ टेक त्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होता. का ठेवला होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कापलेलं फेकून द्यायचं नाही, ही एडिटरची सवय, दुसरं काय.

साहेबाने स्वतःच्या हाताने मौन सात उडवलं. कचरापेटीही रिकामी केली. फाइल गेली. नियम असा आहे की फाइल गेली की फिल्ममधला तिचा तुकडाही जातो. जागा लाल होते, आवाज बंद पडतो. कात्रीने शेवटचा शॉट लावून पाहिला. तुकडा जागच्या जागी होता, हिरवागार. आणि वाजत होता. टक्, टक्-टक्.

साहेब उठला. कात्री दारातून बघत राहिला. जिना उतरताना साहेब भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखा आडवा आडवा उतरत होता. खालून वर येणाऱ्या दोन मुली त्याच्याकडे बघून फिसकन हसल्या.

४

दुसऱ्या दिवशी कात्री घरीच थांबला. डोकं दुखतंय म्हणाला. दुपारी तो आणि मामा जेवायला बसले. मामाने चाळीस वर्षं छापखान्यात काढलेली. यंत्राच्या नुसत्या खडखडीवरून कुठला खिळा सैल झालाय ते सांगायचा. आता फिल्ममध्ये काम केल्यापासून स्वतःला नट समजत होता.

"माझा क्लोजअप किती आहे रे? मोज जरा. तिसऱ्या मजल्यावर मी जे थांबून बघतो ना, तिथे काट मारू नकोस हां. तिथे मी जीव ओतलाय."

"नाही मारली, मामा."

मामा हसला, घास घेतला, आणि मधेच चावायचा थांबला. "पंखा बंद केलास?"

दोघांनी वर पाहिलं. पंखा गरगरत होता. पण त्याचा आवाज येत नव्हता. फ्रिजचा येत नव्हता, शेजारच्यांच्या टीव्हीचाही नव्हता. ताट-वाट्या, भिंती, पडदे सगळं जागेवर होतं, फक्त घराचा आवाज कुणीतरी काढून घेतला होता आणि त्या जागी दुसरा लावला होता. वारा. उंचावरचा, मोकळा. खिडक्या तर बंद होत्या.

टक्. टक्-टक्.

"ही आपल्या घरातली शांतता नाही," मामा हळूच म्हणाला.

कालपासून कात्री स्वतःला समजावत होता की हे सगळं आपल्याच कानात आहे. तो आधारही गेला. त्याच्या हातातला घास ताटात पडला आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मामाने उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हळूहळू पंखा पुन्हा ऐकू यायला लागला, कुणी मुद्दाम जागा करून दिल्यासारखा.

मग त्याने मामाला सगळं सांगितलं. ते अकरा सेकंद शब्दाला शब्द सांगितले. साहेब म्हणाला होता, "सावली पडतेय, मागे सर." कानस म्हणाली, "सरले." "अजून." "मागे जागा नाहीये रे." "आहे गं, मला दिसतंय ना, सर मागे."

"आणि ते कापून तुम्ही दोष तिच्यावर ढकललात," मामा म्हणाला. "अरे, लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग दे ते तिच्या आईला. कॉलेजात दे, पोलिसांत दे. जी शिक्षा होईल ती भोग. शिक्षा भोगून झाली की माणूस मोकळा तरी होतो. हे असं काय जगणं आहे?"

कात्रीने मान हलवली. पेन ड्राइव्ह द्यायचा, ठरलं. पण एक गोष्ट त्याने मामालाही सांगितली नाही, साहेबालाही नाही, आणि जमेल तितकं स्वतःलाही नाही.

साहेबाचा डोळा कॅमेऱ्याला होता. त्याला खुर्ची दिसत होती आणि तिच्यावर पडणारी माइकची सावली. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. कात्री उजेड परतवायचा पांढरा थर्मोकोल धरून कानसच्या समोर उभा होता. त्याला तिच्या पाठीमागचं सगळं स्वच्छ दिसत होतं. विटा काढलेल्या, आडवी एक सुतळी बांधलेली, आणि सुतळीपासून तिची टाच एक वीत. त्याने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पायाशी रेकॉर्डरचा लाल दिवा दिसला. दोनच दिवसांपूर्वी टेकमध्ये बोलला म्हणून कानसने त्याला चारचौघांत सोलून काढलं होतं: "लाल दिवा असला की जीभ दातांखाली ठेवायची, कळलं?" त्याला तेव्हा फार झोंबलं होतं. त्याने जीभ दातांखाली ठेवली. एक शब्द पुरला असता. नुसता खोकला असता, तरी ती त्याला शिवी हासडायला पुढे आली असती आणि वाचली असती. तिचाच नियम, म्हणत त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण त्या एका क्षणी त्याच्या मनात आणखी एक बारीकसं काहीतरी होतं, 'बघ आता' असं म्हणणारं, आणि ते त्याला पुरतं माहीत होतं.

५

फिल्म दाखवायचा दिवस. दुपारचे तीन, कॉलेजचा छोटा हॉल, ऐंशी खुर्च्या. कात्रीने आदल्या दिवशी ते ठिगळ उसवून तिथे मौन सहा लावलं होतं, पाचव्या मजल्याच्या जिन्याचं. थोडं खटकत होतं, पण खटकू दे. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात होता आणि दर दोन मिनिटांनी तो चाचपून बघत होता. फिल्म संपली की काकूंच्या हातात द्यायचा. घरून निघताना त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं होतं, अगदी पोटभर चहासुद्धा प्याला होता.

कानसची आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, मांडीवर पिशवी. शेजारची खुर्ची रिकामी. साहेब प्रस्तावना करायला उठला, पण स्टेजवर मधे आलाच नाही. पडद्याच्या बाजूच्या भिंतीला चिकटून चार वाक्यं बोलला आणि तसाच आडवा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, "याला काय लागलंय?" दिवे गेले.

मामा खुर्ची घेऊन चढायला लागला. लोक हसायच्या जागी हसले. तिसऱ्या मजल्यावर मामाने जीव ओतला, तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी 'वा' म्हणालं. चौथा मजला. पाचवा. गच्चीचं दार. मामा बसतो, उठतो, निघून जातो. आणि शेवटचा शॉट: रिकामी खुर्ची.

हॉलची शांतता बदलली. एसी गेला. ऐंशी माणसांची चुळबुळ, खोकणं, कपड्यांची सळसळ, सगळं गेलं. वारा सुटला.

टक्. टक्-टक्.

हा शॉट कात्रीने कमीत कमी दोनशे वेळा पाहिला होता. त्यात खुर्ची होती, गच्चीची फरशी होती आणि ऊन होतं. आणखी काही नव्हतं. सावली येऊ नये म्हणूनच तर सगळं झालं होतं. आता चौकटीच्या डाव्या कडेने फरशीवर एक बारीक काळी रेघ आत आली. काठीची सावली. ती पुढे सरकत राहिली. काठीमागून मुठी आल्या, कोपरं आली, मग डोक्याची सावली, वाऱ्याने उडणारे केस. मागे सरत नव्हती. पुढे येत होती, खुर्चीवरून, खुर्चीच्या अलीकडे, पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत, आणि तिथे थांबली नाही.

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी पाय आखडून घेतल्याचं त्याला दिसलं. साहेबाची खुर्ची रिकामी होती आणि दार हलत होतं.

त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. कानसची आई पडद्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटलेले, मान शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कललेली. तिचे ओठ हलत होते. दवाखान्याच्या फोनवर बोलावं तसं, हळू आणि नीट लक्ष देऊन. "हं," ती म्हणत होती. "हं. बरं. बरं, बाळ."

दिवे लागले. टाळ्या पडल्या. मास्तर उठून म्हणाले की शेवटच्या सावलीची कल्पना उत्तम आहे, आवाजाचं काम तर अप्रतिम, ती मुलगी आज हवी होती. लोक पांगायला लागले. कात्री रांगांमधून धडपडत पुढे गेला. आई उठून पिशवीची चेन लावत होती.

"काकू, मी खोटं बोललो. तिला साहेबाने मागे जायला सांगितलं होतं. मी ते कापलं. सगळं यात आहे, मूळचं." त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला. "कॉलेजात द्या, पोलिसांत द्या. ते दोन शब्द खोडले जातील. मी येतो तुमच्याबरोबर, आत्ता येतो. माझी डिग्री जाऊ दे, मला आत टाकू देत, काहीही होऊ दे."

तिने पेन ड्राइव्हकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी पोटभर बोलणं झालेल्या माणसाचा असतो तसा तो निवांत होता.

"नको," ती म्हणाली. "राहू दे तुझ्याकडेच."

"काकू, घ्या हो! पाया पडतो तुमच्या!"

"मी घेतला असता रे. फिल्म लागेपर्यंत घेतला असता. पण ती नको म्हणतेय. म्हणाली, आई, कुणाकडे तक्रार करू नकोस, ते दोन शब्द राहू देत तसेच. त्यांना शिक्षाबिक्षा होऊ देऊ नकोस. त्या दोघांचं मी बघते."

हॉल रिकामा होत आला होता. कात्रीला स्वतःची किळस आली, तरी त्याने विचारलंच. "दोघांचं? मागे जा तर साहेब म्हणाला होता, काकू. मी नाही. मी काही बोललोसुद्धा नाही."

"हो, तेही सांगितलं तिने." आईने पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या गालावरून, आपल्याच मुलाच्या फिरवावा तसा, हात फिरवला. "म्हणाली, त्याला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं. म्हणून आधी तू."